तक्रार वाचणाऱ्याच्या टेबलावरून

मागील अंकात आम्ही वाचकांना कंपन्यांकडे केलेल्या तक्रारींविषयीचे प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: तक्रार केली, पोचही मिळाली, पण पुढे काही झाले नाही. उत्तरांकडे वळण्यापूर्वी स्वतःविषयी एक गोष्ट सांगून टाकतो. हे सदर लिहू लागण्याआधी अनेक वर्षे मी घरगुती उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात नोकरी केली. त्यामुळे खालील उत्तरांत बाजू ग्राहकाची असली, तरी नजर बरीचशी तक्रार वाचणाऱ्या माणसाची आहे, आणि माझ्या मते ग्राहकाच्या कामी नेमकी तीच येते.

प्रश्न : कपडे धुण्याचे यंत्र घेऊन सात महिने झाले. यंत्रातील पाणी बाहेर न पडण्याचा दोष दोन महिन्यांत चौथ्यांदा उद्भवला आहे. कस्टमर केअरला मी निदान नऊ वेळा फोन केला असेन. दर वेळी नवी व्यक्ती बोलते, पहिल्यापासून सगळी हकीकत सांगावी लागते आणि शेवटी ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ एवढेच ऐकायला मिळते. आता काय करावे?

उत्तर : आपण ‘नऊ वेळा फोन केला असेन’ असे लिहिले आहे, आणि अडचण त्या ‘असेन’मध्ये आहे. आपल्याकडे त्रासाची आठवण आहे, नोंद नाही. कंपनीकडे नोंद आहे, आणि ती आपल्या आठवणीपेक्षा फार वेगळी दिसते.

फोनवर बोलणाऱ्या व्यक्तीला आपली अडचण कळत नाही, असे समजू नये. तिच्यासमोरच्या पडद्यावर मोजक्याच गोष्टी करण्याची मुभा असते: नोंद घेणे, तंत्रज्ञाची भेट ठरवणे आणि फार तर प्रकरण वरिष्ठांकडे पाठवणे. यंत्र बदलून देणे किंवा पैसे परत करणे बहुधा तिच्या हातात नसते. शिवाय अशा केंद्रांतील कामाचे मोजमाप बरेचदा किती तक्रारी किती वेळात ‘बंद’ झाल्या यावरून होते. तंत्रज्ञ येऊन गेला आणि त्या दिवशी यंत्र चालले, की तक्रार बंद होते. तीन आठवड्यांनी तोच दोष पुन्हा आला, की ती नवी तक्रार ठरते आणि तिला नवा क्रमांक मिळतो. परिणामी, आपल्या दृष्टीने जे चार वेळा फसलेले एकच काम आहे, ते कंपनीच्या दप्तरी चार यशस्वी दुरुस्त्या म्हणून जमा होते. अशा नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि प्रांजळपणे सांगायचे तर पहिली काही वर्षे मी त्यांच्यावर विश्वासही ठेवला.

म्हणून आता दहावा फोन करू नये. एक कागद घ्यावा आणि त्यावर प्रत्येक संपर्काची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव, तक्रार क्रमांक आणि काय सांगितले गेले, एवढे क्रमाने लिहावे. फोनच्या तारखा मोबाइलमधील जुन्या नोंदींत सापडतील आणि तक्रार क्रमांक कंपनीने पाठवलेल्या संदेशांत असतील. तंत्रज्ञाच्या भेटींची नोंद विशेष काळजीने करावी. ‘११ तारखेला सकाळी दहा वाजता तंत्रज्ञ आला, पंपाची जाळी साफ केली, कोणताही भाग बदलला नाही, वीस मिनिटांत गेला’ अशी एक ओळ ‘तुमचा माणूस येतो आणि काहीच करत नाही’ या वाक्यापेक्षा कितीतरी बोलकी असते, कारण तिच्यावरून वरिष्ठाला दिसते की चारही भेटींत जाळीच साफ झाली आणि पंप कोणीच तपासला नाही.

भेटीच्या शेवटी तंत्रज्ञ ज्या कागदावर सही घेतो, त्यावर बहुधा ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण’ असे आधीच छापलेले असते. काही कंपन्यांत सहीऐवजी मोबाइलवर आलेला क्रमांक मागतात. दोन्हींचा अर्थ एकच, तक्रार बंद करण्यास आपली संमती. कागद असेल तर सहीशेजारी ‘आज यंत्र चालू, हाच दोष चौथ्यांदा आला आहे’ असे आपल्या हाताने लिहावे आणि त्याचे छायाचित्र घ्यावे. क्रमांक मागितला, तर यंत्र पूर्ण एक फेरा चालवून पाहिल्याशिवाय तो देऊ नये.

त्यानंतर ई-मेल लिहावा. विषयाच्या ओळीतच चारही तक्रार क्रमांक द्यावेत आणि हे चारही क्रमांक एकाच प्रकरणात जोडावेत, अशी पहिली मागणी करावी. बाहेरून ती किरकोळ वाटते; आतमध्ये तिच्यामुळेच प्रकरणाचा वर्ग बदलतो, कारण एकच दोष अनेकदा येणे ही बाब सहसा वेगळ्या अधिकाऱ्यासमोर ठेवावी लागते. दुसरी मागणी यंत्र बदलून देण्याची असावी. तिसरे वाक्य असे असावे: ‘हा निर्णय आपल्या अधिकारात नसल्यास तो कोणाच्या अधिकारात आहे ते कळवावे आणि हे पत्र त्यांच्याकडे पाठवावे.’ यापुढे फोनवर बोलणे झालेच, तर त्याच दिवशी ‘आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार...’ अशी सुरुवात करून दोन ओळींचा ई-मेल पाठवावा. त्या ओळींना कोणी हरकत घेतली नाही, तर पुढे त्या बोलण्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

प्रश्न : नवे कपाट घरी आले तेव्हा त्याच्या एका दाराला तडा होता. मी कंपनीला सविस्तर ई-मेल पाठवला. त्याची प्रत सोबत जोडली आहे. तीन दिवसांनी ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे उत्तर आले आणि प्रकरण संपले. माझ्या पत्रात काय चुकले?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. भाषा शुद्ध आहे, राग समजण्यासारखा आहे, आणि तरीही मी त्या खुर्चीत असतो तर मीही कदाचित हेच उत्तर पाठवले असते.

पत्राची सुरुवात अशी आहे: ‘गेली अठरा वर्षे मी आपल्या कंपनीचा निष्ठावान ग्राहक असून माझ्या सांगण्यावरून अनेक नातेवाइकांनी आपल्याकडे खरेदी केली आहे.’ मग विक्रेत्याचे उद्धट बोलणे येते, माल पोहोचण्यास झालेला उशीर येतो, हल्ली सर्वच वस्तूंचा ढासळलेला दर्जा येतो, आणि तड्याचा उल्लेख पहिल्यांदा सहाव्या परिच्छेदात होतो. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हेच. माझ्यासमोर दिवसाला पन्नास-साठ पत्रे येत असत. पहिल्या चार ओळींत वस्तू, दोष आणि मागणी सापडली नाही, तर पत्राला ‘सर्वसाधारण नाराजी’ असा शिक्का मनातल्या मनात बसे, आणि त्या प्रकारासाठी दिलगिरीचा मजकूर तयारच असे.

तरीही सगळी गोम शेवटच्या ओळीत आहे: ‘तरी या प्रकरणी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ अर्जाच्या मराठीतून हे वाक्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काहीच मागितलेले नाही, हे आपल्या ध्यानातही येत नाही. योग्य काय हे ठरवण्याचा अधिकार आपण कंपनीला दिला. कंपनीला दिलगिरी योग्य वाटली. दार बदलून हवे होते, तर ‘दार बदलून द्या’ असे लिहायला हवे होते. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची ही सवय सुशिक्षित ग्राहकांतच अधिक दिसते. स्पष्ट मागणे त्यांना हलकेपणाचे वाटत असावे.

हेच पत्र मी असे लिहिले असते:

‘विषय : खरेदी क्रमांक (येथे क्रमांक) – तडा गेलेले दार बदलून मिळण्याबाबत.

मी ३ तारखेला आपल्याकडून कपाट विकत घेतले. ते १२ तारखेला घरपोच मिळाले. वेष्टन काढताच डाव्या दाराला वरच्या बिजागरीपासून खाली सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा तडा दिसला आणि माल आणणाऱ्या कर्मचाऱ्याने पोचपावतीवर तशी नोंद केली. खरेदीची पावती, पोचपावती आणि तड्याची दोन छायाचित्रे सोबत जोडली आहेत. डावे दार नवे बसवून द्यावे, अशी माझी मागणी आहे. ते शक्य नसल्यास कपाट परत नेऊन पूर्ण रक्कम परत करावी. आपला निर्णय २८ तारखेपर्यंत मला लेखी कळवावा. माणूस पाठवायचा असल्यास कोणत्याही दिवशी सायंकाळी पाचनंतर मी घरी असतो.’

या पत्रातील प्रत्येक वाक्य एका न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. वस्तू केव्हा मिळाली? तडा आधीचा कशावरून? पावती आहे का? नेमके काय हवे? घरी कोण भेटेल? यांपैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर पत्रात नसेल, तर ते विचारण्यासाठी पत्र ग्राहकाकडे परत जाते आणि उत्तर आल्यावर पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहते. पत्र वाचणाऱ्याला एकही प्रश्न न विचारता निर्णय घेता आला पाहिजे, किंवा निर्णय त्याचा नसेल तर पत्र जसेच्या तसे साहेबांपुढे ठेवता आले पाहिजे. एवढे साधले की पत्राची भाषा साधी आहे की प्रौढ, याने काही बिघडत नाही.

छायाचित्रांविषयीही सांगायला हवे. एक जवळून घ्यावे, शक्यतो तड्याशेजारी मोजपट्टी धरून; दुसरे लांबून, ज्यात पूर्ण वस्तू आणि तिच्यावरील अनुक्रमांकाची चिठ्ठी दिसेल. नुसते जवळून घेतलेले छायाचित्र जगातील कोणत्याही कपाटाचे असू शकते. मूळ पावती मात्र कोणालाही देऊ नये, प्रतच पाठवावी.

रागाविषयी. विक्रेता उद्धट बोलला असेल, तर त्याची तक्रार जरूर करावी, पण वेगळ्या पत्रात. दोन्ही एकत्र आल्यास कंपनी सोपा भाग निवडते: ‘संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे’ एवढे कळवले, की पत्राला उत्तर दिल्यासारखे होते आणि दार तसेच राहते. पत्रात अपशब्द असतील तर आमचे काम आणखी हलके होई, कारण मग ग्राहकाच्या भाषेचा मुद्दा पुढे करता येई.

राग आणि मागणी यांचा हा झगडा फार जुना आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १७५० या काळातील एक मातीची पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आजच्या इराकमध्ये असलेल्या उर या प्राचीन शहरात ती सापडली. उंची जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना कीलाक्षर लिपीतील दाट मजकूर. नान्नी नावाच्या ग्राहकाने एआ-नासिर या व्यापाऱ्याला त्यात कळवले आहे की कबूल केलेल्या प्रतीचे तांबे न देता माझ्या माणसापुढे हलका माल ठेवलास आणि ‘घ्यायचे तर घे, नाहीतर चालता हो’ असे वर ऐकवलेस. माझी माणसे शत्रूच्या मुलुखातून येऊन रिकाम्या हाताने परतली, हेही त्यात आहे आणि ‘मला समजतोस कोण?’ हा संतापही आहे. मात्र पाटीचा शेवट पाहावा: माझे पैसे पूर्ण परत कर, आणि यापुढे माझ्याच अंगणात मी एकेक लगड निवडून घेईन, हलकी असेल ती नाकारीन. एवढ्या रागातही या गृहस्थाने आपली मागणी ‘योग्य ती कार्यवाही’वर सोडलेली नाही.

प्रश्न : पहिल्याच पत्रात ‘न्यायालयात खेचीन’ असे लिहिले तर कंपनी लवकर हालचाल करते, असे मित्र सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : अनेक कंपन्यांत याच्या नेमके उलटे घडते. पत्रात वकील किंवा खटला हा शब्द आला, की ते कायदा विभागाकडे जाते आणि ग्राहक सेवेतील माणसांना त्या ग्राहकाशी पुढे काही न बोलण्याची सूचना मिळते. जो माणूस चार दिवसांत दार बदलून देऊ शकला असता, त्याचे हात आपणच बांधलेले असतात. पहिल्या पत्रात मागणी आणि मुदत एवढेच असावे. दुसऱ्या पत्रात, मुदत उलटल्यानंतर, पुढे कोठे जाणार ते शांतपणे लिहावे, आणि खरोखर जाणार असलो तरच लिहावे. पोकळ धमकी वाचणाऱ्याला पोकळ म्हणून ओळखता येते. तीच धमकी तीन पत्रांत आलेली आम्ही पाहत असू आणि चौथ्याची वाट पाहत असू.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, वॉरंटी कंपनीची आहे, तिकडे जा. कंपनी म्हणते, ज्याच्याकडून घेतले त्याला विचारा. या टोलवाटोलवीतून मार्ग कसा काढावा?

उत्तर : येथे दोन वेगळी नाती आहेत. आपण पैसे विक्रेत्याला दिले, म्हणून खरेदीचा करार त्याच्याशी आहे. वॉरंटी हे बहुधा उत्पादकाने स्वतंत्रपणे दिलेले आश्वासन असते. अनेक देशांच्या कायद्यांत सदोष वस्तूची जबाबदारी विक्रेत्यावर असते आणि वॉरंटीकडे बोट दाखवून ती झटकता येत नाही. आपल्याला लागू असणारा नियम तपासून घ्यावा, पण तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दोघांनाही एकाच ई-मेलमध्ये लिहावे आणि दोघांची नावे एकमेकांना दिसतील अशी ठेवावी. ‘विक्रेत्याने मला ५ तारखेला उत्पादकाकडे जाण्यास सांगितले, उत्पादकाने ९ तारखेला विक्रेत्याकडे जाण्यास सांगितले, जबाबदारी कोणाची हे आपण दोघांनी आपसांत ठरवून मला १५ दिवसांत कळवावे’ असे लिहिल्यावर हा खेळ पुढे चालू ठेवणे दोघांनाही अवघड जाते, कारण आतापर्यंत एकमेकांविषयी जे तोंडी सांगितले जात होते, ते आता एकमेकांसमोर लिहावे लागते.

प्रश्न : कंपनीच्या नावाने समाजमाध्यमांवर जाहीर तक्रार केली की लगेच उत्तर येते. मग ई-मेलच्या भानगडीत पडावेच कशाला?

उत्तर : उत्तर लवकर येते हे खरे, कारण जाहीर तक्रारींवर लक्ष ठेवणारा गट पुष्कळदा वेगळा असतो. मात्र त्या उत्तरात सहसा ‘कृपया आपला तपशील खासगी संदेशात पाठवा’ एवढेच असते; पुढचा प्रवास त्याच जुन्या रांगेतून होतो. म्हणून जाहीर तक्रार ही लेखी तक्रारीच्या जागी करू नये, मुदत उलटल्यावर तिच्या जोडीला करावी. लिहिताना घडले तेवढेच लिहावे. ‘१२ तारखेला तडा गेलेले कपाट मिळाले, तीन पत्रांना उत्तर नाही’ हे विधान सिद्ध करता येते. ‘लुटारू कंपनी’ हे मत आहे, आणि त्याखाली बदनामीची नोटीस येऊ शकते.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. जाहीर तक्रारींच्या शोधात ठग बसलेले असतात. कंपनीचे बोधचिन्ह लावलेल्या खात्यावरून ते काही मिनिटांत अतिशय अदबीने उत्तर देतात, परताव्यासाठी एखादी लिंक पाठवतात किंवा मोबाइलमध्ये एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतात, आणि खाते रिकामे करतात. इंटरनेटवर शोधून सापडणाऱ्या कस्टमर केअरच्या क्रमांकांचेही तसेच आहे. क्रमांक पावतीवरून, वस्तूच्या वेष्टनावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. परतावा देण्यासाठी कोणालाही आपला पिन, सांकेतिक क्रमांक किंवा मोबाइलचा ताबा लागत नाही.

प्रश्न : एका ऑनलाइन सेवेची वर्गणी मी रद्द केली, तरी दर महिन्याला कार्डावरून पैसे जात आहेत. कंपनी उत्तर देत नाही.

उत्तर : येथे कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. प्रथम बँकेला कळवून त्या कंपनीला दिलेली आपोआप वजावटीची परवानगी काढून घ्यावी, म्हणजे पुढची गळती थांबेल. नंतर गेलेल्या रकमांसाठी बँकेकडे व्यवहाराला हरकत नोंदवावी. कार्डाच्या भाषेत याला चार्जबॅक म्हणतात. कार्ड यंत्रणांच्या नियमांत अनेक प्रकारच्या हरकतींना साधारण १२० दिवसांची मर्यादा असते आणि बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते. त्यामुळे दोन-तीन महिने पत्रव्यवहारात घालवणारा ग्राहक हा मार्ग हातचा गमावतो. बँक पुरावा मागेल तेव्हा वर्गणी रद्द केल्याचा ई-मेल किंवा स्क्रीनशॉट द्यावा लागतो. रद्द करतानाच त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला असेल, तर काम सोपे होते. मधल्या काळात कंपनीने पैसे परत केलेच, तर बँकेला लगेच कळवावे. एकाच रकमेचा परतावा दोन्हींकडून घेतला तर आपलीच बाजू लंगडी पडते.

प्रश्न : माझी मागणी पैसे परत करण्याची होती. कंपनीने पुढील खरेदीवर सवलतीचे कूपन पाठवले आहे. ते वापरले तर काय होईल?

उत्तर : कूपनसोबतचा मजकूर शब्दन् शब्द वाचावा. त्यात ‘पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून’ अशा अर्थाचे शब्द असतील, तर कूपन वापरणे म्हणजे प्रकरण मिटल्याला मान्यता देणे, असे कंपनी म्हणू शकते. असे शब्द नसले तरी वापरण्याआधी ‘हे मी सद्भावनेची भेट म्हणून स्वीकारतो; परताव्याची माझी मागणी कायम आहे’ असे लिहून पाठवावे. ज्या कंपनीवर आपण नाराज आहोत, तिच्याकडेच पुन्हा खरेदी केल्याशिवाय ज्या भरपाईचा उपयोग होत नाही, तिला भरपाई म्हणणे मला स्वतःला पटत नाही. आमच्या विभागात कूपन देण्याचा अधिकार कनिष्ठ कर्मचाऱ्यालाही होता, रोख परताव्यासाठी मात्र वरिष्ठाची सही लागे. कूपन इतक्या तत्परतेने का येते याचे उत्तर त्यात आहे. ते नाकारले की प्रकरण सहीसाठी वर सरकते.

प्रश्न : ग्राहकाला ‘ऐकले जाण्याचा हक्क’ आहे असे वाचले होते. मग कंपनीवर उत्तर देण्याचे बंधन असते का? आणि तिने ऐकलेच नाही तर पुढे कोठे जावे?

उत्तर : हा शब्दप्रयोग १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तेथील काँग्रेसला पाठवलेल्या संदेशातून प्रसिद्ध झाला. सुरक्षितता, माहिती, निवड आणि ऐकले जाणे असे चार हक्क त्यांनी मांडले. जागतिक ग्राहक हक्क दिन १५ मार्चला असतो तो यामुळेच. मात्र चौथ्या हक्काचा मूळ रोख सरकारी धोरण ठरवताना ग्राहकांचे हित विचारात घेतले जावे, असा होता. कंपनीने आपल्या पत्राला उत्तर द्यावे, असा नव्हता. तक्रारीचे निवारण हा मुद्दा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०१५ मध्ये सुधारलेल्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टपणे येतो. ही तत्त्वे सरकारांसाठी आहेत. कंपनीवर प्रत्यक्ष बंधन येते ते त्या त्या देशाच्या कायद्याने आणि त्या त्या क्षेत्राच्या नियामकाने घातलेल्या मुदतींनी.

व्यवहारात याहून उपयोगी पडते ती कंपनीची स्वतःची भाषा. तक्रारी कशा हाताळाव्यात याविषयी आयएसओ १०००२ हे आंतरराष्ट्रीय मानक २००४ मध्ये आले आणि २०१८ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. तक्रारीची पोच तत्काळ द्यावी, प्रगती कळवत राहावे आणि निर्णय तक्रारदाराला सांगावा, असे त्यात म्हटले आहे. ते पाळणे ऐच्छिक आहे. पण पुष्कळ कंपन्या या धर्तीवरचे आपले धोरण संकेतस्थळाच्या तळाशी कोठेतरी छापतात. ते शोधावे आणि ‘आपल्या धोरणानुसार दहा दिवसांत उत्तर अपेक्षित होते, आज तेविसावा दिवस आहे’ असे त्यांचेच वाक्य त्यांच्यापुढे ठेवावे. कायद्याचे कलम उद्धृत केले तर वाद घालता येतो; स्वतःच्या धोरणाशी वाद घालणे कर्मचाऱ्याला महागात पडते.

तरीही उत्तर आले नाही, तर ‘आपला अंतिम निर्णय लेखी द्यावा’ अशी मागणी करावी. बँक, विमा, दूरसंचार अशा क्षेत्रांत पुष्कळ देशांत नियामक किंवा लोकपाल असतो, इतर बाबींसाठी ग्राहक न्यायालय किंवा लहान दाव्यांचे न्यायालय असते. यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: कंपनीकडे तक्रार केली होती का, आणि तिला पुरेसा वेळ दिला होता का? दुसऱ्या बाजूने, त्यांच्याकडे जाण्यालाही कालमर्यादा असते आणि ती कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहारामुळे थांबतेच असे नाही. ती पहिल्याच आठवड्यात पाहून वहीत लिहून ठेवावी. अध्यक्षांपासून नियामकापर्यंत दहा जणांना एकाच वेळी प्रती पाठवण्याचा मोह मात्र टाळावा. दहा जणांना आलेले पत्र प्रत्येकाला दुसऱ्याचे वाटते.

प्रश्न : माझ्या आईच्या नावावर असलेल्या फोन जोडणीची तक्रार मी करत आहे. आईला ऐकू कमी येते. कंपनी म्हणते, ‘ग्राहकाशीच बोलू.’

उत्तर : कंपनीचे म्हणणे चिडवणारे असले, तरी ते चुकीचे नाही; दुसऱ्याच्या खात्याचा तपशील कोणालाही न सांगणे हे तिचे कर्तव्य आहे. आईच्या सहीचे चार ओळींचे अधिकारपत्र द्यावे: खाते क्रमांक, आपले नाव आणि नाते, कोणत्या तक्रारीपुरता अधिकार दिला आहे आणि तो कोणत्या तारखेपर्यंत. सोबत तिच्या ओळखपत्राची प्रत जोडावी आणि तिच्यावर ‘फक्त या तक्रारीसाठी’ असे आडवे लिहावे. आईला ऐकू कमी येते, हेही पत्रात नमूद करावे आणि उत्तर लेखीच हवे, असे सांगावे. फोनवरच बोलण्याचा आग्रह धरण्यास मग कंपनीकडे कारण उरत नाही.